लेझेनबीचा बाँड वगळू नका

तुम्ही लिहिलंय की बाँडचे चित्रपट पहिल्यापासून क्रमाने बघताय, 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' पाहून झाला आणि आता 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'ची पाळी आहे. त्यात तोपर्यंत बाँड साकारणारा शॉन कॉनरी नाही, शेवट कुठेतरी वाचून आधीच कळलाय, आणि घरचे म्हणतात की तो पडलेला सिनेमा आहे. मग तो सोडून सरळ 'डायमंड्स आर फॉरेव्हर' लावला तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

नाही चालणार. सगळ्या मालिकेतला एकच चित्रपट बघायला मिळणार असेल, तर मी हाच बघा म्हणेन.

आधी 'पडलेला' या शब्दाबद्दल. डिसेंबर १९६९मध्ये हा प्रदर्शित झाला. आधीच्या बाँडपटापेक्षा त्याने कमी पैसे मिळवले हे खरं, पण खर्चाच्या कित्येक पट कमाई झाली. याला पडणं म्हणत नाहीत. मग हा समज आला कुठून? यातला नवा बाँड, जॉर्ज लेझेनबीमुळे. ऑस्ट्रेलियातून आलेला मॉडेल, चॉकलेटच्या जाहिरातीतला चेहरा, अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य, वय तिशीच्या आत. निर्मात्यांना त्याला पुढेही ठेवायचं होतं. पण हिप्पींच्या जमान्यात सुटाबुटातला बाँड संपला, असा सल्ला त्याला मिळाला आणि चित्रपट यायच्या आधीच त्याने पुढचे बाँडपट नाकारले. प्रीमियरला तो दाढी आणि लांब केस वाढवून आला. पुढच्या चित्रपटासाठी कॉनरीला त्या काळातलं विक्रमी मानधन देऊन परत आणलं. लोकांनी हिशेब मांडला की याला हाकलला असणार, म्हणजे सिनेमा आपटला असणार.

मालिकेनेही या चित्रपटाला वाऱ्यावर सोडलं. 'डायमंड्स'च्या सुरुवातीला बाँड खलनायक ब्लोफेल्डच्या मागे जगभर धावतो, पण आधीच्या चित्रपटात गमावलेल्या बायकोचं नाव एकदाही घेत नाही. १९७६मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वाहिनीने तर हा चित्रपट दोन भागांत तोडून, प्रसंगांचा क्रम बदलून आणि वर निवेदन चिकटवून दाखवला. व्हिडिओ कॅसेट आणि मग डीव्हीडी आल्यावर लोकांनी तो अखंड, जसा बनवला तसा पाहिला, आणि मत हळूहळू पालटलं. २०१२मध्ये '००७ मॅगझिन'च्या वाचकांनी त्याला सगळ्यात चांगला बाँडपट ठरवलं. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने त्याच्या चित्रीकरणावर भरभरून लिहिलंय. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचाही हा सर्वांत आवडता बाँडपट, त्याच्या 'इन्सेप्शन'मधला बर्फातला किल्ला पाहिलात की ते कळतंच.

आता चित्रपटाकडे येते. दिग्दर्शक पीटर हंट. पहिल्या बाँडपटापासून संकलनाची धुरा त्याच्याकडे होती. आज आपण ज्याला बाँडची मारामारी म्हणतो, म्हणजे ठोसा पूर्ण होण्याआधीच दृश्य पुढे गेलेलं असतं, ती त्याची देणगी. दिग्दर्शनाची संधी मिळाल्यावर त्याने हट्ट धरला तो बाँडचा जनक इयान फ्लेमिंगच्या कादंबरीला चिकटून राहण्याचा. आधीच्या चित्रपटात ज्वालामुखीच्या पोटात रॉकेटतळ होता. इथे बाँडकडे धड उपकरणंसुद्धा नाहीत. बर्नमधल्या वकिलाच्या कचेरीत तिजोरी उघडण्यासाठी जे यंत्र वापरतो ते इतकं अवजड आहे की शेजारच्या बांधकामावरच्या क्रेनने वर चढवावं लागतं. यंत्र आपलं काम करत असताना बाँड खुर्चीत बसून मासिक चाळतो, आणि हंट आपल्याला घड्याळाकडे बघायला लावतो. संवाद जवळजवळ नाही, आणि तरी पूर्ण वेळ जीव टांगणीला.

बर्फावरच्या पाठलागाबद्दल वेगळं लिहायला हवं. विली बोग्नर हा जर्मन स्कीपटू हातात कॅमेरा धरून, उलट्या दिशेने, म्हणजे पाठ उताराकडे करून स्की करत चित्रीकरण करत होता. कॅमेरामन जॉन जॉर्डन हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या पट्ट्यांमध्ये बसून वरून दृश्यं टिपत होता, आणि आधीच्या बाँडपटाच्या चित्रीकरणातल्या अपघातात त्याने एक पाय गमावलेला होता. हे माहीत झाल्यावर तो पाठलाग पुन्हा बघा. मागे जॉन बॅरीचं संगीत, त्यात मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा तो खालचा, गुरगुरणारा सूर. बॅरीचं बाँडसाठीचं सर्वोत्तम काम हेच, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

पण मी ज्याच्यासाठी हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावते, ते दृश्य पाठलाग संपल्यावर येतं. ब्लोफेल्डच्या डोंगरावरच्या अड्ड्यातून निसटलेला बाँड खालच्या गावात पोचतो. नाताळची जत्रा, दिवे, गर्दी. ब्लोफेल्डची साथीदार इर्मा बुंट माणसं घेऊन त्याला शोधतेय. पांढऱ्या अस्वलाच्या वेशातला फोटोवाला अचानक समोर येऊन फ्लॅश मारतो आणि बाँड दचकतो. खरोखर दचकतो. मग तो स्केटिंगच्या रिंगणाकाठी बाकावर जाऊन बसतो, कॉलर वर केलेली, मान खाली, अंग चोरून. दमलाय आणि घाबरलाय. घसरत आलेले दोन स्केट्स त्याच्यासमोर थांबतात. कॅमेरा हळूहळू वर जातो. ट्रेसी. बाँडची प्रेयसी, पुढे बायको. त्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला सुटका म्हणतात.

लेझेनबी कच्चा होता म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांना मी हे दृश्य दाखवते. कॉनरी मलाही अतिशय आवडतो, पण त्याचा बाँड त्या बाकावर असा बसलाच नसता. आपण त्याला पाच चित्रपट जिंकताना पाहिलंय. त्याला काही होईल असं आपल्या मनातच येत नाही. या नवख्या माणसाबद्दल मात्र आपल्याला खात्री नसते. शिवाय सुटका करायला येते ती ट्रेसी. गाडी तीच हाकते, बर्फावरच्या मोटारशर्यतीत ती घुसवून पाठलाग करणाऱ्यांना झुकांडी देते. ट्रेसी झालेली डायना रिग 'द अ‍ॅव्हेंजर्स' या ब्रिटिश टीव्ही मालिकेमुळे आधीच नावाजलेली होती आणि पुढे डोंगरावर कवितेच्या ओळी म्हणत ती ब्लोफेल्डला ज्या प्रकारे बोलण्यात गुंतवून ठेवते, ते बघताना कळतं की बाँडला हिच्याशीच लग्न का करावंसं वाटलं. मालिकेत पहिल्यांदाच ते पटतं.

दोष आहेत, ते लपवत नाही. बाँड वंशावळी शोधणारा सर हिलरी ब्रे बनून डोंगरावर जातो, तेव्हा बराच वेळ त्याच्या तोंडून जॉर्ज बेकर या दुसऱ्या नटाचा आवाज येतो. डबिंग चांगलं आहे, पण नायकाचाच आवाज गायब होणं खटकतं. आणि तुम्ही क्रमाने बघताय म्हणून हे नक्की टोचेल: मागच्याच चित्रपटात समोरासमोर भेटलेला ब्लोफेल्ड इथे बाँडला ओळखत नाही. कारण साधं आहे. ही कादंबरी १९६३ची, 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' १९६४ची. चित्रपट उलट्या क्रमाने निघाले आणि पटकथेने कादंबरी सोडली नाही. मध्यंतराच्या आसपास, अड्ड्यावरच्या मुलींच्या प्रसंगांत, वेगही थोडा मंदावतो. लांबी १४२ मिनिटं आहे, तेव्हा चहा आधीच करून ठेवा.

ब्लोफेल्डचा तो डोंगरावरचा अड्डा सेट नाही. स्वित्झर्लंडमध्ये म्युरेन गावाच्या वर शिल्टहॉर्न नावाचं शिखर आहे, २,९७० मीटर. तिथलं फिरतं उपाहारगृह तेव्हा बांधून पूर्ण होत होतं. चित्रपटवाल्यांनी आतली सजावट स्वतःच्या खर्चाने केली आणि त्या बदल्यात चित्रीकरणाची परवानगी मिळवली. 'पिझ ग्लोरिया' हे कादंबरीतलं नाव त्या इमारतीला कायमचं चिकटलं. आपल्याकडच्या सहलींत बहुतेक वेळा युंगफ्राऊ नाहीतर टिटलिस असतं. मी काही वर्षांपूर्वी गटातून एक दिवस मोकळा मागून घेतला आणि केबलकार बदलत बदलत एकटी वर गेले. खिडकीशी बसले होते आणि जमीन सावकाश फिरत आयगर, म्योंख, युंगफ्राऊ एकेक करून समोर येत होते. शेजारच्या टेबलावर एक वयस्क जोडपं चित्रपटातला कोणता प्रसंग कोणत्या कोपऱ्यात घडला ते एकमेकांना बोटाने दाखवत होतं. मी न राहवून त्यांच्यात सामील झाले.

शेवट माहीत असल्याने मजा जाईल, ही भीती काढून टाका. माहीत असून बघितलं की लुई आर्मस्ट्राँगचं गाणं जास्त लागतं. आजारपणातून उठल्यावर त्याने ते गायलं आणि दोनच वर्षांनी तो गेला. 'आपल्याकडे हवा तेवढा वेळ आहे' असं तो म्हणतो, आणि दोघांकडे किती वेळ उरलाय ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं. सुरुवात पोर्तुगालच्या किनाऱ्यावर होते, समुद्रात जीव द्यायला निघालेल्या ट्रेसीला बाँड बाहेर ओढतो. शेवटही पोर्तुगालमध्येच, लग्नानंतर. गाडीवरची फुलं काढून टाकायला तो रस्त्याच्या कडेला थांबतो, केवळ तेवढ्यासाठी. मग गोळीने गाडीच्या काचेला पडलेलं ते भोक, आणि ट्रेसी गेलेली. पोलीस येतो, त्याला बाँड शांतपणे सांगतो की ती विश्रांती घेतेय, घाई नाही. लेझेनबीने नंतर सांगितलंय की पहिल्या टेकला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हंटने अश्रूंशिवाय पुन्हा करायला लावलं. हंटचं बरोबर होतं. 'नो टाइम टू डाय'ने २०२१मध्ये 'हवा तेवढा वेळ आहे' हे वाक्य आणि हेच गाणं परत आणलं, तिथपर्यंत पोचाल तेव्हा आज हा वगळला नाही याचं तुम्हाला बरं वाटेल.

फक्त एक करा. हा संपल्यावर त्याच रात्री 'डायमंड्स' लावू नका, मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. आणि त्या स्केटिंगच्या दृश्याबद्दल काय वाटलं ते इथे येऊन लिहा, मी वाट बघेन.