बर्लिनमध्ये हाउस वाजवून जगता येतं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २६, पुण्यात आयटीत नोकरी, शनिवारी एका बारमध्ये हाउस, म्हणजे क्लबात नाचायचं ठेकेदार इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजवतोस, गणपतीत ढोल पथकात असतोस, लॅपटॉपवर चाळीसेक ट्रॅक अर्धवट पडलेत. आणि विचारतोयस की नोकरी सोडून बर्लिनला यावं का, डीजे-प्रोड्यूसर म्हणून इथे निभाव लागतो का. मी २०१३ मध्ये मास्टर्ससाठी इथे आले आणि इथलीच झाले. हाउसच वाजवते, हाउसच बनवते. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

निभाव लागतो. पण त्यात बूथमध्ये, म्हणजे डीजेच्या जागेवर, उभं राहण्याचे तास किती, ते आधी ऐक. महिन्याला चार-पाच गिग, म्हणजे मानधन घेऊन वाजवायचे कार्यक्रम, प्रत्येक गिग दोन-तीन तासांची. म्हणजे अख्ख्या महिन्यात आठ ते पंधरा तास. बाकी दिवसांत मी काही जणांना एबलटन हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर शिकवते, पॉडकास्ट आणि लघुपटांचं साउंडचं काम घेते, आणि दुपारनंतर दार लावून स्वतःच्या ट्रॅकवर बसते. मेल, बिलं, रेल्वेची तिकिटं यांत आठवड्यातला एक पूर्ण दिवस जातो. रविवारी दुपारी दोनला उठते, तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचा चहा चाललेला असतो. तेवढ्यात आईला फोन.

पैशांचं म्हणशील तर माझे साधारण निम्मे गिगमधून येतात, निम्मे शिकवण्यातून आणि साउंडच्या कामातून. रेकॉर्डचे पैसे हिशोबात धरूच नकोस. माझी पहिली बारा इंची रेकॉर्ड ३०० प्रतींची निघाली. सगळ्या खपल्या. छपाई, मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात), वितरकाचा वाटा वजा जाता माझ्या हाती जे आलं, त्यात एका महिन्याचं भाडंही निघालं नाही. पण तीच रेकॉर्ड कुणाच्या तरी बॅगेतून लाइपझिगला पोचली आणि तिथून बोलावणं आलं, मग रॉटरडॅमहून आलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: नोकरी सोडून येऊ नकोस, नोकरी मिळवून ये. आयटीवाल्याला इथे काम आहे. पगार चालू असला की वाईट गिगला नाही म्हणता येतं, आणि सुरुवातीच्या वर्षांत नाही म्हणता येणं फार मोठी गोष्ट आहे. फक्त परमिटवर काय छापलंय ते नीट वाच. नोकरीच्या परमिटमध्ये स्वतंत्र व्यवसायाची मुभा बहुधा नसते. बिल देऊन गिग घ्यायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून वेगळी परवानगी काढावी लागते. विद्यार्थी म्हणून आलास तरी तेच. मला हे पहिल्या वर्षी माहीत नव्हतं आणि पैशांची पहिली गिग हातची सोडावी लागली. पर्यटक व्हिसावर येऊन गुपचूप पैसे घेऊन वाजव असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस, एकदा पकडला गेलास की पुढचा प्रत्येक अर्ज अवघड होतो.

पुढे पूर्णवेळ यात उतरायचं ठरलं तर इथल्या निवास कायद्याच्या कलम २१ मध्ये फ्रीलान्स कामाची सोय आहे. काम द्यायला तयार असलेल्या इथल्या लोकांची पत्रं, उत्पन्नाचा अंदाज, आरोग्य विमा, पत्त्याची नोंद असं सगळं जोडावं लागतं. आणि केएसके हे नाव आत्ताच पाठ करून ठेव. कलाकारांसाठीची ही सामाजिक विमा योजना १९८३ पासून चालू आहे. आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन यांच्या हप्त्यातला साधारण निम्मा वाटा आपण भरायचा, उरलेला ती भरते. वर्षाला कलेतून किमान ३९०० युरो कमवावे लागतात, पहिली तीन वर्षं त्यातून सूट असते. मात्र डीजेला तिथे दाखवावं लागतं की आपण नुसती गाणी लावत नाही, स्वतःचं काही घडवतो. माझ्या अर्जाला माझे पूर्ण झालेले ट्रॅकच उपयोगी पडले.

आता तुझ्या चाळीस अर्धवट ट्रॅककडे येते. मला तुझ्या प्रश्नातली हीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटली. आठ बारांचा, म्हणजे आठ आवर्तनांचा, फिरत राहणारा लूप छान जमतो, तासभर मान डोलावत ऐकता येतो, आणि माणूस तिथेच अडकतो. माझं पहिलं घर बर्लिनच्या वेडिंग या भागात चौथ्या मजल्यावर होतं. रात्री १० ते सकाळी ६ आवाज करायचा नाही, रविवारी तर दिवसभर नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन लावून काम चालायचं. एक ट्रॅक तीन आठवडे अडला होता. किक, म्हणजे ढोलासारखा मुख्य ठोका, ५० हर्ट्झच्या आसपास, आणि बेस, म्हणजे खर्जाचा सूर, तोही नेमका तिथेच, दोघांची सतत कुरघोडी. मी आवाज दाबायला कॉम्प्रेसर लावला, ईक्यूने नको त्या पट्ट्यांची कापाकापी केली, किक चार वेळा बदलली. एका रात्री वरणाचा कुकर थंड व्हायची वाट बघताना बेसची नोट किकवरून उचलून एक सोळांश, म्हणजे ठोक्याचा चौथा हिस्सा, पुढे ठेवली. बस. किक वाजून गेली की बेस यायचा, दोघांना जागा मिळाली, आणि सगळा ट्रॅक झुलायला लागला. तीन आठवडे मी आवाज दुरुस्त करत होते, चूक बेसच्या नोटा मांडण्यात होती. चाळीसातले चार निवड. बाकीचे दुसऱ्या फोल्डरमध्ये हलव. ते चार सहा-सात मिनिटांचे, सुरुवात-शेवट मोकळे ठेवून, दुसऱ्या डीजेला मिसळता येतील असे पूर्ण कर. इथे कुणी विचारलं तर लिंक पाठवता आली पाहिजे.

पुण्यात कॉलेजात असताना मीही तीन वर्षं पथकात ताशा वाजवला. ती तालीम इथे पावलोपावली कामाला येते. पन्नास माणसांचा ठेका एकत्र कसा बसतो हे अंगाला माहीत असतं. एक सवय मात्र मोडावी लागते. पथकात लय चढत जाते, ताशा तर्री (जलद, सलग वादन) धरतो आणि ढोल मागे धावतात. हाउसमध्ये मिनिटाला १२२ ठोक्यांवर सुरू केलंस तर पहाटेपर्यंत त्याच्याच आसपास राहायचं. सगळी चढउतार असते ती काय काढून घेतलं आणि किती वेळाने परत दिलं यात.

हे मी शिकले ती माझी पहिली खरी गिग. बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या एका बारचं तळघर, रात्री ११ ते १, मानधन ५० युरो. आत सात माणसं, त्यातली दोन बारमागची. नाचायची फरशी रिकामी बघून मी घाबरले आणि पंधरा मिनिटांत मोठे, सगळ्यांना माहीत असलेले ट्रॅक काढले. दोघं जण कोट घेऊन बाहेर गेले. तिथला रेसिडेंट, म्हणजे नेहमीचा, डीजे शांतपणे बूथमध्ये आला, मिक्सरवरचा मास्टर, म्हणजे एकूण आवाज, थोडा खाली घेतला, हाय्जचा (तीक्ष्ण, उंच आवाजांचा) नॉब जरा मागे फिरवला आणि म्हणाला, "आधी त्यांना बोलू दे." मग मी ११८ वर आले, नुसतं पर्कशन आणि खोल बेस, हाय-हॅटचा (झांजेचा) आवाज अगदी मागे. लोक बोलत राहिले, पण हळूहळू बोलता बोलता वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायला लागले. पाऊण वाजता बारमागची बाई ग्लास पुसताना खांदे हलवत होती. एकला मी हेडफोन काढले तेव्हा पंचवीसेक जण होते आणि पुढच्या डीजेच्या हातात तापलेली खोली होती. महिन्याभराने पुन्हा बोलावणं आलं. इथे नव्या माणसाला वॉर्म-अपच, म्हणजे गर्दी जमायच्या आधीची सुरुवातीची वेळच, मिळतो, आणि तो नीट करणाऱ्याचं नाव प्रमोटर लक्षात ठेवतात.

म्हणून आलास की पहिले सहा महिने गिग मागत फिरू नकोस. नाचायला जा. स्पीकरपासून जरा लांब, फरशीच्या मधोमध उभा राहा आणि चार-पाच तास एकच डीजे ऐक. बर्लिन टेक्नोचं, म्हणजे हाउसच्या जवळच्या दुसऱ्या क्लब-संगीताचं, शहर आहे, पण हाउसचा कोपरा पक्का आहे. बेर्गहाइन या क्लबच्या वरच्या मजल्यावरचा पॅनोरामा बार त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. दारावर परत पाठवलं तर मनाला लावून घेऊ नकोस, आत फोटो काढता येऊ नयेत म्हणून फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात तो काढू नकोस. ही बंधनं कशासाठी आहेत ते समजून घे. हाउस शिकागोत जन्मलं ते कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांच्या फरशीवर. १९७७ मध्ये उघडलेल्या वेअरहाउस क्लबात फ्रँकी नकल्स वाजवायचा आणि त्या क्लबच्या नावावरूनच या संगीताला हाउस म्हणू लागले. बाहेर ज्यांना मोकळं राहता येत नव्हतं त्यांची ती जागा होती. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो. मी साताऱ्याची मुलगी, रात्री एकटी जाते, पहाटे एकटी येते, आणि त्या फरशीवर मला जे सुरक्षित वाटलं ते फार कमी ठिकाणी वाटलं.

भारतीय असण्याचं काय होतं, हेही विचारलंयस. दोन्ही होतं. एका आयोजकाने माझे ट्रॅक न ऐकताच "बॉलीवूड नाइट" देऊ केली, आणि मी नाही म्हटल्यावर परत कधी फोन केला नाही. मला हिंदी सिनेमाची गाणी प्रिय आहेत, पण ते माझं काम नाही. उलट रेकॉर्डच्या दुकानात मी मुंबईची म्हटलं की, सातारा सांगून कळत नाही म्हणून मुंबई म्हणते, लोक चरणजित सिंगचं नाव काढतात. हिंदी सिनेमासंगीतात साथ करणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या ३०३ या बेस-सिंथेसायझरवर आणि ८०८ या ठेका वाजवणाऱ्या यंत्रावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. अ‍ॅसिड हाउस हा शिकागोचा हाउसचा प्रकार ज्या ३०३ च्या आवाजाने ओळखला जातो, तो तिथून बाहेर यायला १९८७ उजाडावं लागलं. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर पोचली. ती ऐक. ट्रॅकवर नुसता सतारीचा तुकडा चिकटवणं आणि राग त्या यंत्राच्या स्वभावात उतरवणं यातला फरक तिथे कळतो.

व्यवहाराचं थोडं. माझे एकाने ४०० युरो बुडवले, कारण सगळं तोंडी ठरलं होतं. तेव्हापासून रक्कम, वेळ, प्रवास आणि मुक्काम मेलवर लिहून घेते, शहराबाहेरची गिग असेल तर निम्मे आधी. वाजवायचे ट्रॅक ठेवायला पेनड्राइव्ह कायम दोन, दोन्हींवर सारखंच सगळं. आणि शहर स्वस्त आहे असं ज्याने सांगितलं तो दहा वर्षांपूर्वीचं सांगतोय. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि त्याच वर्षाअखेरीस वॉटरगेट हा नदीकाठचा क्लब २२ वर्षांनी बंद झाला. तिथे मी कितीतरी पहाटा काचेतून स्प्रे नदी उजळताना पाहिल्या. अजून त्या पुलावरून जाताना वाईट वाटतं.

शक्य असेल तर आधी नोव्हेंबरात दोन आठवडे येऊन बघ. उन्हाळ्यात हे शहर कुणालाही आवडतं. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो, ओळखीचं कुणी नसतं, आणि शनिवारच्या गर्दीनंतरचा सोमवार फार लांबतो. माझा दुसरा हिवाळा वाईट गेला. त्यातून बाहेर काढलं ते दर बुधवारी एकत्र जेवणाऱ्या चार-पाच जणांनी, त्यातला एकही डीजे नव्हता.

राहता राहिला तुझा प्रश्न, नवा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून वाजवायचं यंत्र, घ्यावा का. नवा घेऊ नकोस, जुना चालतोय तोवर चालू दे. त्या पैशांत कानाचे साचे घेऊन इअरप्लग बनवून घे, ऑडिओलॉजिस्टकडे होतात. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. इथल्या मानकात प्रेक्षकांसाठी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलपर्यंत ठेवायची असते, तरी बूथमधला मॉनिटर, म्हणजे डीजेसाठीचा स्पीकर, तुझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर असतो. माझ्या डाव्या कानात २०१७ पासून बारीक शिट्टी वाजते, रात्री सगळं शांत झालं की जास्त. प्लग बूथमध्ये घाल, फरशीवर घाल, आणि पथकाच्या सरावालाही घाल. ताशाच्या शेजारी उभा राहत असशील तर आजपासूनच.