स्नायू, मज्जा की चेता?

सांगलीतील नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: ‘रुग्णाच्या न्यूरॉलॉजिकल तपासणीची नोंद आम्हाला मराठीत लिहायची आहे. आमच्या छापील तक्त्यावर “स्नायुतंत्र परीक्षण” असे शीर्षक आहे, वर्तमानपत्रांत “मज्जासंस्था” असते आणि शाळेत आम्ही “चेतासंस्था” शिकलो. यांपैकी बरोबर कोणते?’

तक्त्यावरचे शीर्षक चुकीचे आहे आणि ते आजच बदलावे. हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे नर्व्ह, अर्थात मेंदूकडे आणि मेंदूकडून निरोप वाहून नेणारा तंतू; बंगालीतही तोच अर्थ. परंतु मराठीत स्नायू म्हणजे मसल, आणि हा अर्थ इतका पक्का रुजला आहे की मराठी वाचकाला दुसरा सुचतच नाही. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी माहितीपत्रके तयार करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे ‘स्नायूंचा विकार’ हे शब्द नर्व्हच्या आजारासाठी सर्रास वाचावे लागतात आणि दर वेळी संताप येतो. ही केवळ भाषेच्या शुद्धतेची बाब नाही. या तपासणीत स्नायूंची ताकद ० ते ५ अशा अंकांत स्वतंत्रपणे नोंदवायची असते आणि स्पर्श, वेदना व कंप यांची संवेदना वेगळी तपासायची असते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर पुढच्या पाळीच्या परिचारिकेला काय बिघडले आहे हे कळणार कसे?

आता हा घोळ मुळात का झाला, ते पाहू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी, ७०० सिरा आणि ९०० स्नायू मोजलेले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, अर्थात मसल. आणि स्नायू म्हणजे हाडे व सांधे बांधून ठेवणारा चिवट दोर. फळ्या दोरांनी आवळून बांधलेली नाव जसा भार वाहते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार वाहतो, असे सुश्रुत सांगतो. माझे ठाम मत असे आहे की आधुनिक मराठीने ‘पेशी’ हा शब्द सेलसाठी उचलला आणि तेथेच ही सगळी साखळी हलली. मसलचे घर रिकामे झाले आणि शेजारचा ‘स्नायू’ तेथे राहायला आला. हिंदीने सेलला ‘कोशिका’ म्हटले, मसलला ‘मांसपेशी’ ठेवले, त्यामुळे तिकडे स्नायू मोकळा राहिला आणि तो नर्व्हकडे गेला. एकाच संस्कृत शब्दाचे दोन शेजारी भाषांत दोन अर्थ झाले, ते एका तिसऱ्याच शब्दाच्या स्थलांतरामुळे.

परंतु खरी मौज याच्याही मागे आहे. ‘न्यूरॉलॉजी’तला ‘न्यूरो’ ज्या ग्रीक ‘न्यूरॉन’वरून आला, तो आणि आपला ‘स्नायू’ हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर आहेत. लॅटिन ‘नर्व्हस’ हाही त्यांचाच भाऊबंद. ग्रीकमध्ये शब्दारंभीचा ‘स’ गळाला, आपल्याकडे तो टिकला. ग्रीक ‘न्यूरॉन’चाही मूळ अर्थ नर्व्ह नव्हताच, तो चिवट दोर, तात, धनुष्याची दोरी असा होता, आणि संस्कृत ‘स्नायु’चा एक अर्थ धनुष्याची दोरी असाच आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि इरॅसिस्ट्राटस या ग्रीक वैद्यांनी शरीरे उघडून पाहिली, तेव्हा कुठे दोरासारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक बांधते आणि दुसरी संवेदना वाहून नेते, हा भेद स्पष्ट झाला. लोकभाषेत हा शब्द आणखी रूपे पालटत गेला. पालीत तो ‘नहारु’ झाला, आणि दूषित पाण्यातून पोटात जाऊन पुढे पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणारा, काडीवर हळूहळू गुंडाळून काढावा लागणारा जो ‘नारू’ नावाचा कृमी, तो याच घराण्यातला. संस्कृत वैद्यकात त्याचे नावच ‘स्नायुक’ आहे. ज्या ‘नस’ शब्दाला आपण गावठी समजतो, तीही ‘स्नसा’ या स्नायूच्याच अर्थाच्या संस्कृत शब्दाची लेक आहे.

विद्यार्थिनीने गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीचा हलका ठोका देताना हे जरूर आठवावे. हातोडी पडते ती कंडरेवर, म्हणजे मसलला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरावर, आणि गोल स्नायूंना कंडरा म्हणावे असे सुश्रुतानेच सांगितले आहे. म्हणजे तो जुना स्नायू. कंडरा ताणली गेल्याचा निरोप कमरेच्या भागातील मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत येतो तो नर्व्हमधून, म्हणजे हिंदीचा स्नायू. आणि आकुंचन पावून पाय पुढे झटकतो तो मांडीचा मसल, म्हणजे मराठीचा स्नायू. क्षणार्धाच्या या प्रतिक्षिप्त क्रियेत एका शब्दाचे तिन्ही अर्थ ओळीने कामाला लागतात. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी १८७५ साली या क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले.

‘मज्जासंस्था’ हा शब्द मला मान्य नाही. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतील मगज, आणि रक्ताच्या आजारात जी तपासतात ती अस्थिमज्जाही तीच. पाठीच्या कण्यातील रज्जूला युरोपात जुन्या काळी मज्जाच समजत असत आणि लॅटिन ‘मेड्युला’ याचा अर्थही तोच आहे. ती समजूत भाषांतरात जशीच्या तशी उतरली आणि आपल्या कोशकारांनी ती तपासून न पाहता पुढे चालवली. मराठी विश्वकोशाचा ‘तंत्रिका तंत्र’ हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने देखणा आहे, कारण तंत्री म्हणजे वीणेची तार. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तरी तो परका वाटू नये. पण तो बोलण्यात उतरला नाही. उरतो तो पाठ्यपुस्तकांतला ‘चेता’: कशासारखे दिसते हे न सांगता काय करते हे सांगणारा, आणि मराठीत दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या वाट्याला न गेलेला. म्हणून शीर्षक ‘चेतासंस्थेची तपासणी’ असेच असावे.

रुग्णाशी बोलताना मात्र यांतला एकही शब्द नको. आपल्याकडचा माणूस ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतो तेव्हा त्याला पोटरीतला गोळा सांगायचा असतो, रक्तवाहिनी नव्हे; आणि ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा खरोखरच नर्व्ह असा असतो. त्याला विचारावे: ‘मामा, मुंग्या कुठे येतात? चप्पल पायातून निसटली तर कळते का? दोन्ही पायांत बळ सारखेच वाटते का?’ नोंद करताना ‘रुग्ण बधिर आहे’ असे कधीही लिहू नये. ‘बधिर’ आणि ‘बहिरा’ हे मुळात एकच शब्द असल्यामुळे या वाक्यावरून कान गेला की कातडीची संवेदना गेली हे ठरवता येत नाही, आणि या तपासणीत दोन्ही गोष्टी पाहायच्या असतात. ‘गुंगीत आहे’ एवढ्यावरही थांबू नये. डोळे उघडण्याचे ४ पैकी, बोलण्याचे ५ पैकी आणि हालचालीचे ६ पैकी असे ग्लासगो कोमा स्केलचे, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या मापाचे, तिन्ही अंक वेगवेगळे लिहावेत. नोंद अशी दिसावी: ‘डोळे ४, बोलणे ५, हालचाल ६. डाव्या पायाच्या स्नायूंची ताकद ३, उजव्या पायाची ५. डाव्या पावलाला घोट्यापर्यंत स्पर्श कळत नाही. दोन्ही कानांनी ऐकू येते.’