ताटातलं विचारा: वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं शिकण्या-शिकवण्याबद्दल आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी मानेवाडा भागात सात वर्षांपासून योगवर्ग घेते. मागच्या वर्षी सहा आठवड्यांचा ऑनलाइन पोषण अभ्यासक्रम केला आणि 'सर्टिफाइड न्यूट्रिशन कोच' असं प्रमाणपत्र मिळालं. आता वर्गातल्या बायका डायट चार्ट मागतात. कुणाला शुगर आहे, कुणाला थायरॉइड. मी पैसे घेऊन चार्ट देऊ का? की आधी आणखी शिकू? शिकायचं तर कुठे?
— एक योगशिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, तुम्ही थांबून विचारलंत याचं मला मनापासून बरं वाटलं. बावीस वर्षं रुग्णालयात काढली, त्यात न विचारता वाटलेल्या चार्टांचे परिणाम मी बघितले आहेत. त्यातला एक सांगते.

साठीच्या आसपासचे गृहस्थ. बर्डीवर दुकान, शुगर आणि बीपी दोन्ही जुनं. पायातली ताकद गेली, उठवत नाही म्हणून मुलगा त्यांना रात्री घेऊन आला. रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं. हृदयाचे ठोके मंदावलेले. त्याच रात्री डायलिसिस करावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी खाण्याची चौकशी केली, तेव्हा मुलाने खिशातून घडी केलेला रंगीत चार्ट काढला. सकाळी शहाळ्याचं पाणी, मग पालक-टोमॅटोचा रस, दुपारी मोसंबी, आणि साध्या मिठाऐवजी 'लो सोडियम' मीठ. पाच आठवडे त्यांनी तो अगदी निष्ठेने पाळला होता. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी बराचसा भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. किडनी धड असेल तर जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. किडनी कशी चालते ते दाखवणारं यांचं रक्तातलं क्रिएटिनिन वर्षभरापासून वाढलेलं होतं आणि तो रिपोर्ट घरातल्या कपाटात पडून होता. चार्ट देणाऱ्याने तो मागितलाच नव्हता.

ते गृहस्थ वाचले. चार्ट देणारा माणूस वाईट नव्हता, हेही मी मुद्दाम सांगते. त्याने शिकवलं तसंच लिहिलं होतं, आणि तोच कागद पस्तिशीच्या निरोगी माणसाला दिला असता तर काही बिघडलं नसतं. पण रिपोर्ट मागायचा असतो, तो वाचायचा असतो, आणि वाचून कधी कधी 'हे माझं काम नाही' म्हणायचं असतं, एवढं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता तुमच्या प्रमाणपत्राकडे येऊ. २०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ हे दोन्ही आहेत. त्या कायद्यात सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचं शिक्षण धरलं आहे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचं. तुमच्या सहा आठवड्यांत किती तास झाले ते तुम्हीच मोजा. शिकलेलं वाया गेलं असं मी म्हणत नाही. त्या शिकण्यावर निरोगी माणसांशी खाण्यापिण्याबद्दल बोलता येतं, आजारी माणसाचं ताट त्यावर ठरवता येत नाही.

म्हणून शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असलेली, किडनीचा त्रास असलेली, गरोदर, रक्त पातळ करणारी गोळी घेणारी, किंवा काहीच कारण नसताना वजन उतरलेली बाई आली, तर चार्ट लिहू नका. शुगरच्या गोळ्यांवर असलेल्या बाईला 'सोळा तास उपाशी राहा' सांगितलं तर ती तुमच्याच सतरंजीवर चक्कर येऊन पडू शकते. रक्त पातळ करणाऱ्या एका जुन्या, खूप वापरल्या जाणाऱ्या गोळीचं पालेभाज्यांतल्या 'के' जीवनसत्त्वाशी जमत नाही. अशा बाईने अचानक रोज वाटीभर पालक सुरू केला की गोळीचा हिशेब चुकतो. अशांसाठी एका आहारतज्ज्ञाचं नाव जवळ ठेवा आणि सरळ तिकडे पाठवा. भारतीय आहारतज्ज्ञ संघटना नोंदणीसाठी परीक्षा घेते. ज्यांच्या नावापुढे 'आरडी' लागलेलं असतं ते त्या परीक्षेतून गेलेले असतात.

थायरॉइडवाल्या बायकांना मात्र एक गोष्ट तुम्ही बिनधास्त आठवण करून द्या, कारण निम्म्या जणी ती चुकतात: गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर.

मग करायचं काय? चार्टाऐवजी वही मागा. तीन दिवस जे खाल्लं ते लिहून आणायला सांगा, त्यात एक रविवार असू द्या. वही उघडली की सगळं दिसतं: सकाळचा चहा आणि दोन टोस्ट, अकराला पुन्हा चहा, जेवण अडीचला, आणि वरण घरच्यांना वाढून झाल्यावर उरलं तर. मी पाहिलेल्या बायकांच्या वह्यांमध्ये ही शेवटची ओळ इतक्यांदा आली आहे की मी आता वाट्या मोजायला तिथूनच सुरुवात करते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ती वाचा आणि वर्गात दर आठवड्याला एक घ्या. त्याचे पैसे जरूर घ्या, तुमच्या वेळेला किंमत आहे.

तुमच्या शेजारच्या जिमचे ट्रेनर प्रथिनांची पावडर विकत असतील, तर त्यांनाही हे वाचायला द्या. निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं त्याच मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेलं आहे.

शिकायचंच असेल तर इग्नूचा अन्न आणि पोषण प्रमाणपत्र अभ्यासक्रम किमान सहा महिन्यांचा आहे आणि पोषण व आरोग्य शिक्षणाची पदविका किमान वर्षभराची. त्यांचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. हे करून तुम्ही उत्तम शिक्षिका व्हाल, आहारतज्ज्ञ होणार नाही; त्यासाठी पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली उमेदवारी हा लांबचा रस्ता आहे. आपल्या विद्यापीठात गृहविज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे, तिथे चौकशी करा. चाळिशीत हा रस्ता धरलेल्या दोघीजणी माझ्या हाताखाली शिकल्या आणि त्या फार चांगलं काम करताहेत.

प्रश्न : मुलाच्या शाळेत दूध-पावडर बनवणाऱ्या एका कंपनीने 'पोषण कार्यशाळा' घेतली. शेवटी सगळ्या मुलांना 'ज्युनिअर न्यूट्रिशन एक्स्पर्ट' असं प्रमाणपत्र आणि पावडरचं पाकीट दिलं. आता तो तीच पावडर हवी म्हणून हटून बसला आहे. आणू का?
— एक आई, प्रताप नगर

उत्तर : आणू नका. पाकिटाच्या मागचा घटकांचा तक्ता मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर दुसऱ्या-तिसऱ्या जागी दिसली तर त्याला विचारा, पावडर कशाची आहे? तो हुशार आहे, सांगेल. आणि पालकसभेत हा विषय काढा. शाळांसाठीच्या २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकताही येत नाहीत आणि त्यांची जाहिरातही करता येत नाही. ती पावडर त्यात बसते का, एवढा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारलात तरी पुढच्या वर्षी पाहुणे निवडताना ते विचार करतील.

प्रश्न : काटोल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पाचवी ते सातवीला पोषणाचा तास घ्यायचा आहे. तक्ता आहे, त्यावर सफरचंद, ब्रोकोली आणि मासा आहे. मुलं तक्त्याकडे बघतात आणि गप्प बसतात. कसं शिकवावं?
— एक शिक्षक

उत्तर : सर, तक्ता गुंडाळून ठेवा. तुमच्या मुलांच्या घरी ब्रोकोली येत नाही, ती बोलणार काय?

मी स्वतः केलेली चूक आधी सांगते, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत शहरातल्या एका शाळेत मी फळ्यावर दोन रकाने केले होते, 'चांगलं' आणि 'वाईट'. मुलं पदार्थ ओरडून सांगायची आणि मी लिहायची. कुणीतरी म्हणालं 'तर्री-पोहे', आणि मी ते वाईटाच्या रकान्यात घातलं. तेलाचा लाल थर माझ्या डोळ्यांपुढे होता. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तर वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेतलं. सहावीतली एक मुलगी सकाळी काही न खाता येत होती, प्रार्थनेच्या वेळी दोनदा बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली बघत म्हणाली, "मॅडम, माह्या बाबाचा तर्री-पोह्याचा ठेला आहे. पोरं म्हणतात, तुझे बाबा वाईट विकतात."

आईवडील पहाटे चारला उठून कांदा चिरतात, सहाला ठेला लागतो, आणि तिथली एक बशी खाऊन ही मुलगी शाळेत यायची. माझ्या दोन रकान्यांनी तिचा नाश्ता बंद केला होता.

त्या रात्री मी ती बशी नीट डोळ्यांपुढे आणली. पोहे म्हणजे धान्य. तर्रीत हरभरे म्हणजे कडधान्य. धान्य आणि कडधान्य एकत्र आलं की प्रथिनं जास्त चांगली मिळतात, कारण एकातलं उणं दुसरं भरतं. वरून लिंबू, त्यातलं 'सी' जीवनसत्त्व पोह्या-हरभऱ्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं. कच्चा कांदा, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर. आहारशास्त्राचे निम्मे धडे त्या बशीत होते. तक्रार होती ती फक्त वरच्या तेलाची, आणि बशीनंतर लगेच येणाऱ्या चहाची, कारण चहा ते लोह अडवतो.

पुढच्या तासाला मी फळ्यावर तीच बशी काढली. त्या मुलीला उभं केलं आणि तर्री कशी करतात ते वर्गाला सांगायला सांगितलं. हरभरे किती तास भिजवतात, मसाला कशाने वाटतात, सगळं तिने सांगितलं. वर्ग ऐकत होता. "तेलाचा थर काढून टाकला तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, गिऱ्हाईक येणार नाही." खरंच होतं ते. मग आम्ही ठरवलं की घरच्या बशीत हरभरे जास्त आणि वरचा थर कमी. तेव्हापासून मी वर्गात कुठल्याही पदार्थाला चांगला-वाईट म्हणत नाही. मूल घरी जे खातं ते त्याच्या आईच्या हातचं किंवा बापाच्या कमाईचं असतं.

तुमच्याकडे तर आयती प्रयोगशाळा आहे: शालेय पोषण आहाराचं स्वयंपाकघर. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम असं प्रमाण आहे. सहावी ते आठवीला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विनंती करून तराजू वर्गात आणा. आधी मुलांना अंदाजाने वीस ग्रॅम तूरडाळ हातात घ्यायला सांगा. माझा अनुभव असा की बहुतेक मुलं दुप्पट घेतात, आणि मग तराजूवर कमी करताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आता गणित घाला. पाचवीच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. शंभर ग्रॅम तांदळातून साधारण आठ येतात. तूरडाळीत शंभराला सुमारे बावीस, म्हणजे वीस ग्रॅमला चारच्या थोडी वर. झाले बारा. मग विचारा, ज्याने भात खाल्ला आणि वरण ताटात तसंच ठेवलं त्याच्या हिशेबात किती राहिले? हे गणित पाचवीचं मूल घरी जाऊन आईला सांगतं.

दुसरा तास लोहाचा घ्या, सातवीच्या मुलींसाठी तर नक्कीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. त्या वयाकडे या मुली निघाल्या आहेत. प्रत्येकीला घरी आठवड्यात कोणत्या पालेभाज्या शिजतात ते विचारा. अंबाडी येईल, चवळी, मेथी, हरभऱ्याचा पाला येईल. जवसाची चटणी नक्की येईल. तिच्यात शरीराला लागणारी ओमेगा-३ जातीची स्निग्धं आहेत हे सांगा आणि ती डब्यात आणायला लाजणारी मुलगी वर्गात असेल तर तिच्याकडून एक घास मागून खा. मी मागितलेला आहे. मुलं ते विसरत नाहीत.

संत्र्याचं तर तुमच्या गावात वेगळं सांगायला नको. पण बागेत तोडणीला जाणाऱ्या मजुरांच्या मुलांना विचारा, संत्रं जेवणाबरोबर कधी खाल्लंय का? बहुतेकांनी मधल्या वेळी, खेळताना खाल्लेलं असतं. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारी फळं झाडावर असतील तेव्हा शाळेत एक दिवस ठरवा: खिचडी आणि बरोबर प्रत्येकाला अर्धं संत्रं, म्हणजे पोह्यांवरच्या लिंबाचं काम इथे संत्रं करेल. प्रतवारीतून बाजूला पडलेली लहान फळं बागायतदार आनंदाने देतात, मागून बघा.

प्रमाणपत्र वगैरे मुलांना द्यायचं असेल तर आठवड्याची वही पूर्ण करणाऱ्याला द्या, तुमच्या सहीचं. डिसेंबरमध्ये मी काटोलकडे येणार आहे. तुमचा वार आणि तासाची वेळ या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. तराजू तुमचा, तर्रीचे हरभरे मी भिजवून आणते.