बाबांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६६ वर्षांचे आहेत, एम्फिसिमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार) आहे, अंघोळ केली तरी धाप लागते. सर्जननी फुप्फुसाचा खराब भाग काढायला सांगितलंय आणि एवढा खर्च, एवढा धोका पत्करावा का हे तुम्हाला कळत नाहीये. आमच्या अण्णांचं हेच ऑपरेशन झालंय. मी डॉक्टर नाही, पिंपळगावला आमची द्राक्षबाग आहे. जे बघितलं, जे विचारून घेतलं, ते सांगतो.

फुप्फुस कापल्यावर दम वाढेल कसा, हे मला आधी पटतच नव्हतं. या आजारात आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही. फुगून बसलेला भाग चांगल्या भागाला दाबतो, खालचं श्वासपटल सपाट करतो. तो काढला की उरलेल्याला जागा मिळते. आजार मात्र जात नाही. अण्णांचा श्वासाचा पंप आजही खिशात असतो.

अमेरिकेत १,२१८ रुग्णांवर याची चाचणी झाली, निकाल २००३ साली आला. पहिल्या ९० दिवसांत ऑपरेशन झालेल्या शंभरातले जवळपास ८ दगावले. नुसत्या औषधोपचारावरच्यांतले एकाहून थोडे जास्त. हे ऐकून आई रात्रभर झोपली नाही. पण ज्यांचं नुकसान मुख्यतः फुप्फुसाच्या वरच्या भागात होतं आणि व्यायामाचा कोर्स करूनही ताकद कमीच होती, ते ऑपरेशनमुळे जास्त जगले. उलट ज्यांचं एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते) असायला हवं त्याच्या २० टक्के किंवा त्याखाली, आणि शिवाय नुकसान सगळीकडे सारखं किंवा डीएलसीओही (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते) २० टक्क्यांच्या आत, त्यांच्यातले शंभरात १६ जण ऑपरेशननंतर महिन्याभरात गेले. तेव्हा सीटी स्कॅन आणि हे दोन आकडे हातात आल्याशिवाय हो म्हणू नका. अण्णांचं नुकसान वरच्या भागात होतं, म्हणून आम्ही धीर केला.

खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलचं बिल आम्ही धरलं होतं, बाकीचं नाही. टाके घातलेल्या जागेतून हवा गळत राहिली, छातीतली नळी ११ दिवस निघाली नाही. मुंबईत खोली भाड्याने, मी तिकडे, आणि इकडे ऑक्टोबर छाटणी मजुरांच्या भरवशावर. सोबत कोण राहणार, घरचं काम कोण बघणार, हे आधी ठरवा.

आता अण्णा बागेच्या टोकापर्यंत चालत जातात, वाटेत एकदा थांबतात. आधी ओट्यापर्यंत येताना दोनदा बसायचे. फवारणीच्या दिवशी मात्र आम्ही त्यांना घरातच ठेवतो.

बाबांची विडी-सिगारेट सुटलीय का, ते तुम्ही लिहिलं नाही. चालू असेल तर सर्जन हात लावणार नाहीत. अण्णांना आधी काही महिने सोडायला लावली होती. त्याच काळात श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून सुरू करा, ते नाशिकमध्येच होतं. सहा मिनिटांत बाबा किती मीटर चालतात ते मोजून घ्या, व्यायामानंतर पुन्हा मोजा. तो आकडा आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या एका छातीच्या डॉक्टरांचंही मत घ्या.