हार्वर्ड लॉ रिव्ह्यूत, म्हणजे हार्वर्डचे कायद्याचे विद्यार्थी चालवतात त्या नियतकालिकाच्या संपादक मंडळात, शिरायला पहिल्या वर्षाचे चांगले गुण पुरतात का?

नाही, पहिल्या वर्षाअखेरची लेखनस्पर्धा द्यावीच लागते. गुण काही जागांपुरतेच, आणि तेही स्पर्धेच्या निकालासोबत धरले जातात. नियतकालिकाच्या जाहीर निवड-नियमांतच हे आहे. स्पर्धेचे दोन भाग: एका अप्रकाशित लेखाच्या उताऱ्याचं संपादन आणि एका ताज्या न्यायनिर्णयावर टिपण. बाहेरचं संशोधन चालत नाही, दिलेल्या कागदांतच भागवायचं. टिपणाची पानं निर्णयाचा सारांश देण्यात संपतात, तिथेच गाडी अडते. न्यायालयाचा युक्तिवाद नेमका कुठे लंगडा आहे, तो एकच मुद्दा धरून लढवा. संपादनात ब्लूबुकप्रमाणे (अमेरिकी कायदेलेखनात संदर्भ कसे द्यावेत याची नियमपुस्तिका) संदर्भ तपासताना स्वल्पविराम तिरपा की सरळ, इथवर बघावं लागतं. मात्र ही वाट जेडीवाल्यांची, म्हणजे तीन वर्षांची मूळ कायदा-पदवी करणाऱ्यांची. एका वर्षाच्या एलएलएमला जाणार असाल, तर हार्वर्ड इंटरनॅशनल लॉ जर्नलकडे वळा.