जुन्या चित्रपटातलं कोणतं ऐतिहासिक भाषण ऐकताना तुमचे डोळे भरून आले?

लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण, अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली केलेलं. पण लिंकनच्या तोंडून नव्हे. १९३५ सालच्या 'रगल्स ऑफ रेड गॅप' या चित्रपटात ते भाषण एक इंग्रज नोकर तोंडपाठ म्हणतो, आणि आजवर एकदाही मला तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी बघता आलेला नाही.

चित्रपट खरं तर विनोदी. साल १९०८. पॅरिसमध्ये एक इंग्रज उमराव पत्त्यांच्या डावात आपला नोकर रगल्स हरतो आणि त्याची रवानगी थेट अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, रेड गॅप नावाच्या गावात होते. माणूस पणाला लावायचा म्हटलं की आपल्याला द्यूतसभाच आठवते. रगल्स मात्र तेही अदबीनं सोसतो, कारण सगळी हयात चाकरीत गेलेली.

मग तो दारूच्या गुत्त्यातला प्रसंग येतो. लिंकन गेटिसबर्गला काय म्हणाला होता, असा विषय निघतो. एकमेकांना विचारून होतं, पण तिथल्या एकाही अमेरिकन माणसाला ते आठवत नाही. आणि कुजबुजल्यासारखा एक आवाज येतो. रगल्स स्वतःशीच पुटपुटतो आहे. सुरुवातीचे शब्द, 'फोर स्कोर अँड सेव्हन', म्हणजे चार विसा नि सात. आपल्याकडची जुनी माणसं मोजायची तसेच. १८६३ मधून सत्त्याऐंशी वजा केले की १७७६, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल.

रगल्स साकारणारा चार्ल्स लॉटन इथे भाषण 'ठोकत' नाही, म्हणून ते इतकं लागतं. आवाज हळूहळू वर येतो, पण आरोळी होत नाही. कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. रापलेले गुराखी, हातातले पेले विसरलेले. गेटिसबर्गच्या लढाईला तेव्हा पंचेचाळीसच वर्षं झालेली, त्यामुळे त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला ते नुसतं पुस्तकातलं नसणार, असं मला दर वेळी वाटतं.

मूळ भाषण जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं. १९ नोव्हेंबर १८६३ ला सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणाला केलेलं. लिंकनच्या आधी नामवंत वक्ता एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला होता, लिंकन दोन-तीन मिनिटंच. गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्याच वर्षी जुलैत तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले होते. एवढ्या मरणांपुढे लिंकन म्हणतो, ही भूमी पवित्र करणारे आपण कोण, ती तर लढणाऱ्यांनी आधीच केली आहे.

गुत्त्यात मेलेलं कुणी नाही. तिथे सगळा भार 'सर्व माणसं समान जन्मतात' या एका वाक्यावर पडतो. रगल्स ते दुसऱ्या देशाचा इतिहास म्हणून सांगायला लागतो आणि बोलता बोलता ते त्याचंच होऊन जातं. जुगारात हरलेला माणूस आपण कुणाच्या मालकीचे नाही हे ज्या क्षणी ओळखतो, तो हा क्षण. पुढे तो चाकरी सोडून स्वतःचं उपाहारगृह काढतो.

'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' ही भाषणाच्या शेवटची ओळ मी शाळेत नागरिकशास्त्रात लोकशाहीची व्याख्या म्हणून पाठ केली होती, दोन गुणांसाठी. ती मेलेल्यांच्या कबरींपाशी उभं राहून घेतलेली शपथ आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला त्या नोकरानं सांगितलं.

बघाल तेव्हा पहिल्यांदा उपशीर्षकं बंद ठेवा आणि फक्त त्या गुराख्यांचे चेहरे बघा.