परभणीच्या उन्हाळ्यात जुना लॅपटॉप व्हिडिओ लावला की काळा पडतो, ‘डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला’ असं येतं. ग्राफिक्स कार्ड गेलं का?

बहुधा नाही; आधी उष्णता तपासा, मग ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर). ग्राफिक्स चिपकडून 2 सेकंदांत उत्तर आलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, तोच हा काळा पडदा. विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीच्या सिस्टीम लॉगमध्ये ‘डिस्प्ले’ची 4101 क्रमांकाची नोंद असली की खात्री. मे महिन्यात खोलीच तापलेली, त्यात चिपची उष्णता बाहेर नेणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली आणि पंख्यासमोरच्या जाळीवर धुळीचा घट्ट थर. तो बाहेरून फुंकून निघत नाही. मागचं झाकण काढा, बॅटरीची पिन सोडवा, पंखा बोटानं धरून ब्रशनं थर ओढून काढा आणि नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच लावा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिप 90 अंशांवर जात असेल तर दोष इथंच. (खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, आत ओल धरते.)

तापमान ठीक असेल तर इंटरनेट बंद करून, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालते तो मोड) डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या सॉफ्टवेअरनं जुना ड्रायव्हर पुसा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा, तुमच्याच मॉडेलचा टाका. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

मात्र बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या स्क्रीनवरही रेषा दिसत असतील तर ड्रायव्हरचा संबंध नाही. एचडीएमआयनं टीव्ही जोडा: तिथं चित्र स्वच्छ असेल तर पॅनेल किंवा त्याची केबल, तिथंही रेषा असतील तर चिप. हीट गननं चिप शेकून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, ते फार दिवस टिकत नाही.